ग्राफिक्स कार्डांचे उरलेले आयुष्य

कोकणातल्या गावात संगणक नवा कोरा क्वचितच येतो. मुंबईतल्या एखाद्या कचेरीने यंत्रे बदलली की जुनी यंत्रे कर्मचाऱ्यांना स्वस्तात मिळतात, आणि त्यांतली काही गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातून लांजा, राजापूर, कणकवलीपर्यंत पोहोचतात. काही शाळेला देणगी म्हणून मिळतात, काही वाचनालयाच्या कोपऱ्यात बसतात, आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच काम करतात. ज्या यंत्राचे शहरातले आयुष्य संपलेले असते त्याचे इकडचे आयुष्य तेव्हा कुठे सुरू होते. म्हणूनच लिनक्स या संगणकप्रणालीसाठी ग्राफिक्स कार्डांचे (पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागाचे) मुक्तस्रोत ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारी आणि कोणालाही पाहता-बदलता येणारी आज्ञावली, मिळतील का, ते कितपत चांगले असतील आणि किती काळ टिकतील, हा प्रश्न मला जवळचा वाटतो. संगणकावर खेळ खेळणाऱ्या हौशी मंडळींचा प्रश्न अशी त्याची ओळख झालेली आहे. माझ्या लेखी तो शाळेच्या संगणकखोलीचा प्रश्न आहे.

मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि संगणकखोलीची देखभालही माझ्याकडेच आहे. समुद्रावरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांमुळे इथे यंत्रे लवकर झिजतात. रॅमच्या आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर पुट चढते, पंखे अडकतात, विजेच्या लपंडावात एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, जळतो. पण या दुखण्यांवर उपाय आहेत. पट्ट्या खोडरबराने घासता येतात, पंखा बदलता येतो, एसएमपीएस कणकवलीत किंवा रत्नागिरीत मिळतो. ज्या दुखण्यावर इथल्या कोणाचाच हात चालत नाही ते वेगळेच आहे. लिनक्सची नवी आवृत्ती घातल्यावर आमच्या एका यंत्राचा पडदा काळाच राहिला. त्यातल्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कंपनीने स्वतः बांधून दिलेला आणि बंद, म्हणजे ज्याची संहिता बाहेरच्या कोणाला पाहता येत नाही असा, होता, त्या पिढीच्या कार्डांसाठी नवा ड्रायव्हर काढणे कंपनीने थांबवले होते, आणि जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, बसेना. कणकवलीहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने कार्ड काढून दुसऱ्या, जुनी प्रणाली असलेल्या यंत्रात लावले, तिथे ते उत्तम चालले, आणि तो मला म्हणाला, “बाई, कार्ड बरा आसा, पण आता तेका चलवतलो कोण?”

त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ड्रायव्हर नेमके काय करतो हे आधी सांगायला हवे. ग्राफिक्स कार्ड हा संगणकाच्या आत बसवलेला जवळजवळ स्वतंत्र संगणकच असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, बहुधा स्वतःची मेमरी असते, आणि त्याची यंत्रभाषा मुख्य प्रोसेसरच्या यंत्रभाषेहून निराळी, बऱ्याचदा पिढीगणिक बदलणारी असते. लिनक्समध्ये त्याला चालवण्याचे काम दोन ठिकाणी वाटलेले आहे. कर्नलमधला भाग पडद्याचे रिझोल्यूशन ठरवतो, कार्डाच्या मेमरीचे वाटप करतो, काम पाहून घड्याळाची गती वाढवतो किंवा उतरवतो. कर्नलबाहेरचा भाग म्हणजे खरे तर एक कंपायलर असतो: ओपनजीएल किंवा व्हल्कनच्या सर्वसाधारण भाषेत आलेल्या आज्ञांचे तो त्या विशिष्ट चिपच्या यंत्रभाषेत रूपांतर करतो. मुक्तस्रोत जगात हे दुसरे काम मेसा नावाचा प्रकल्प करतो. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये त्याला हात घातला आणि १९९५ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. सुरुवातीला मेसा सगळी चित्रे मुख्य प्रोसेसरकडूनच रेखाटून घेत असे. कार्डांशी थेट बोलणारे भाग त्याला पुढे एकेक करून जोडले गेले. आज लिनक्सवर उघड्या ड्रायव्हरने जे काही चित्र पडद्यावर उमटते त्यातले बहुतेक मेसामधून गेलेले असते.

बंद ड्रायव्हर नव्या कर्नलवर का बसत नाही, याचे कारण लिनक्सच्या रचनेतच आहे. कर्नलचे अंतर्गत दुवे कायम ठेवण्याचे बंधन विकसकांनी जाणीवपूर्वक स्वीकारलेले नाही. एखादी अंतर्गत रचना सदोष ठरली तर ते ती बदलतात, आणि कर्नलच्या मूळ संहितेत असलेले सगळे ड्रायव्हर त्याच वेळी त्या बदलाप्रमाणे दुरुस्त करतात. जो ड्रायव्हर त्या संहितेत आहे त्याची काळजी अशी आपोआप घेतली जाते, मग तो लिहिणारा माणूस दुसऱ्या कामाला गेलेला असो. जो बाहेर राहिला त्याला प्रत्येक बदलामागे स्वतः धावावे लागते, आणि कंपनीने धावणे थांबवले की त्या कार्डाचा कर्नलही तिथेच थांबतो. आणखी एक गोष्ट आहे. बंद मॉड्यूल चढवले की कर्नल तशी खूण स्वतःवर करून ठेवतो, आणि अशी खूण असलेल्या यंत्रावरची तक्रार कर्नलचे विकसक सहसा तपासायला घेत नाहीत. मला हे योग्यच वाटते. जी संहिता पाहताच येत नाही तिच्यामुळे झालेली पडझड त्यांनी कशाच्या आधारावर शोधायची?

इथे मला मालवण किंवा हर्णै बंदरातल्या ट्रॉलरच्या इंजिनाची आठवण होते. इंजिन कोणत्याही कंपनीचे असो, ते उघडता येते, म्हणून ती कंपनी बुडाली किंवा तिने ते मॉडेल बंद केले तरी बंदरावरचा मिस्त्री त्याचे सुटे भाग घडवून आणून ते चालते ठेवतो. ग्राफिक्स कार्ड उघडून काहीच कळत नाही. त्याचे ज्ञान रजिस्टरांच्या यादीत असते: कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला म्हणजे काय घडते, आज्ञांची रांग कशी मांडायची, कोणती आज्ञा कोणत्या क्रमाने द्यायची. हे कागद कंपनीजवळ असतात. कंपनी ते देईल, किंवा बाहेरच्या कोणाला ते नव्याने शोधून काढावे लागतील.

कागद मिळाले तर काय घडते याचा सगळ्यांत मोठा दाखला एएमडीचा आहे. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या कार्डांचे तांत्रिक दस्तऐवज खुले करण्याचे जाहीर केले. ती घोषणा झाली तेव्हा लिनक्स वापरणाऱ्यांत आनंदापेक्षा साशंकताच जास्त होती, कारण तोवर एटीआयचा बंद ड्रायव्हर हा लिनक्सवरच्या त्रासाचा मोठा उगम होता. सुसे या लिनक्स कंपनीच्या विकसकांनी त्या दस्तऐवजांवरून उघडा ड्रायव्हर लिहायला घेतला, पुढे एएमडीने स्वतःची माणसे त्या कामाला लावली, आणि २०१५ मध्ये कर्नलमध्ये नवा एएमडीजीपीयू ड्रायव्हर दाखल झाला. मला या कथेतला सगळ्यांत बोलका भाग त्यानंतरचा वाटतो. व्हल्कन ही नवी प्रणाली आली तेव्हा तिचा एएमडीचा ड्रायव्हर लगेच खुला झाला नाही. म्हणून रेड हॅट या लिनक्स कंपनीतले डेव्ह एअरली आणि त्यांच्यासोबत बास न्यूवेनहाउझेन यांनी २०१६ मध्ये बाहेरूनच राडव्ही नावाचा ड्रायव्हर लिहिला. खेळांच्या व्यवसायातल्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यासाठी २०१९ मध्ये एसीओ हा वेगवान कंपायलर तयार केला, आणि पुढे स्टीम डेक हे तिचे हातातले यंत्र याच ड्रायव्हरवर उभे राहिले. अखेर २०२५ मध्ये एएमडीने मधल्या काळात खुल्या केलेल्या स्वतःच्या व्हल्कन ड्रायव्हरचे काम थांबवून राडव्हीलाच पाठिंबा दिला. कागद खुले केल्यामुळे कंपनीपेक्षा चांगले काम कंपनीबाहेर होऊ शकले, आणि त्याचा लाभ कंपनीलाही झाला.

इंटेलचा मार्ग बहुतांशी सरळ राहिला, कारण इंटेलने आपल्या अंगभूत ग्राफिक्सचे ड्रायव्हर पुष्कळ वर्षांपासून उघडेच ठेवले. अपवाद आहे तो पॉल्सबो या चिपसेटचा. छोट्या नेटबुकांसाठीच्या त्या चिपसेटमधला ग्राफिक्सचा गाभा पॉवरव्हीआरकडून घेतलेला होता, त्याची माहिती इंटेलला उघडता येत नव्हती, आणि ती नेटबुके लिनक्सवर कायमची लंगडी राहिली. एकाच कंपनीच्या यंत्रांत इतका फरक केवळ कागदांमुळे पडला. पॉवरव्हीआर बनवणाऱ्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजचा उघडा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला तो २०२४ मध्ये, आणि तोही नव्या चिपांसाठी.

जिथे कागद मिळाले नाहीत तिथे माणसांनी काय केले, हे मी मुलांना विज्ञानाच्या तासाला सांगते, कारण प्रयोगपद्धतीचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. नूवो हा एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा प्रकल्प २००५ च्या सुमारास सुरू झाला. त्याच्या विकसकांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू ठेवून तो कार्डाच्या रजिस्टरांत काय लिहितो याची नोंद केली. एक साधा त्रिकोण काढायचा, नोंद घ्यायची. त्याच त्रिकोणाचा रंग बदलायचा, पुन्हा नोंद घ्यायची. दोन नोंदींत जो आकडा बदलला तो रंगाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे स्थिर ठेवायचे, या शिस्तीवर त्यांनी संपूर्ण कार्डाचा नकाशा हळूहळू भरत नेला, आणि २०१० मध्ये नूवो कर्नलमध्ये आला. याच वाटेने पुढे फोनमधल्या चिपांचे ड्रायव्हर लिहिले गेले. रॉब क्लार्क यांनी क्वालकॉमच्या अड्रिनोसाठी फ्रीड्रिनो सुरू केला. आर्मच्या मालीसाठीच्या पॅनफ्रॉस्टचे काम अलिसा रोझेनझ्वाइग यांनी पुढे नेले आणि कालांतराने आर्म कंपनीच त्याला सहकार्य करू लागली. ॲपलच्या एम१ चिपचे तर काहीच कागद उपलब्ध नव्हते, तरी रोझेनझ्वाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, ‘असाही लिनक्स’ नावाच्या प्रकल्पातला ड्रायव्हर २०२३ मध्ये ओपनजीएल ईएस ३.१ च्या अधिकृत चाचण्या उत्तीर्ण झाला.

२०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाविषयी जाहीर संताप व्यक्त केला, आणि तो क्षण जगभर पाहिला गेला. त्यांचा संताप मला समजतो. पण त्यापेक्षा कितीतरी अधिक आदर मला त्या माणसांविषयी वाटतो ज्यांनी रजिस्टरामागून रजिस्टर शोधत वर्षे घालवली आणि ज्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

नूवोची वाट पुढे अडली ती कौशल्याच्या अभावी नव्हे. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या दुसऱ्या मॅक्सवेल पिढीपासून एनव्हिडियाची कार्डे कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेलेच फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारी आज्ञावली, महत्त्वाच्या कामांसाठी स्वीकारू लागली. कंपनीने स्वाक्षरी केलेले काही फर्मवेअर वाटपासाठी दिले, परंतु घड्याळाची गती वाढवण्यासाठी लागणारा भाग दिला नाही. कार्ड सुरू होताना ज्या मंद गतीवर असते त्याच गतीवर नूवोखाली ते कायम राहते. याचा अर्थ असा की ड्रायव्हरचा सगळा कोड उघडा आहे, तो अचूकही आहे, आणि तरी कार्ड आपल्या ताकदीच्या लहानशा हिश्शावर रांगते. उघडी संहिता म्हणजे स्वातंत्र्य असे सरसकट समीकरण मांडणाऱ्यांनी या कार्डांकडे पाहावे असे मला वाटते.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून कार्डावरच जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर बसवलेला असतो, आणि कार्ड सुरू करण्याचे, गती सांभाळण्याचे पुष्कळसे काम आता तो करतो. त्याचे फर्मवेअर स्वाक्षरी केलेले आणि बंद आहे. म्हणजे पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले गुपित आता फर्मवेअरमध्ये गेले, आणि बाहेर राहिलेली संहिता उघडायला कंपनीला अडचण उरली नाही. मी याला दिखावा म्हणणार नाही, कारण त्यातून खरे फळ निघाले आहे. जानेवारी २०२४ मधल्या ६.७ या कर्नलपासून नूवोला तेच जीएसपी फर्मवेअर वापरता येऊ लागले, त्यामुळे ट्युरिंग आणि त्यापुढची कार्डे उघड्या ड्रायव्हरखाली पूर्ण गतीने धावण्याची वाट मोकळी झाली. फेथ एकस्ट्रँड यांच्या पुढाकाराने लिहिलेला एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर मेसामध्ये आला. रेड हॅटने मार्च २०२४ मध्ये नोव्हा हा रस्ट भाषेतला नवा कर्नल ड्रायव्हर जाहीर केला, आणि त्याचा पाया २०२५ मधल्या ६.१५ या कर्नलमध्ये घातला गेला. २००५ साली ज्यांनी सुरुवात केली त्यांना हे दिवस दिसतील असे वाटले असेल का, कोण जाणे.

मधल्या पिढ्यांचे मात्र कठीण आहे. दुसरी मॅक्सवेल पिढी, पास्कल आणि व्होल्टा, म्हणजे साधारण २०१४ ते २०१७ या काळातली कार्डे, दोन्हींकडून सुटली आहेत. त्यांच्यात जीएसपी नाही, म्हणून नवा उपाय लागू पडत नाही. स्वाक्षरीची अट आहे, म्हणून जुना उपायही लागू पडत नाही. आणि कंपनीच्या स्वतःच्या बंद ड्रायव्हरची ५८० ही मालिका त्यांच्यासाठी शेवटची ठरली आहे. नेमक्या याच वयाची कार्डे आता शहरातून आमच्याकडे यायला लागली आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, विंडोज ११ जुनी यंत्रे स्वीकारत नाही, म्हणून बरीच धडधाकट यंत्रे एकदम बाहेर पडली, आणि त्यांना पुढे चालवायचे तर लिनक्सच घालावे लागते. देणारा माणूस मोठ्या मनाने देतो. त्याच्यासमोर उभे राहून कार्डाचा मॉडेल क्रमांक विचारणे मला अवघड जाते, तरी आता मी विचारते.

उलट ज्या कार्डांचे कागद उघडे झाले त्यांचे आयुष्य कसे वाढत गेले ते पाहावे. एटीआयने २००२ मध्ये आणलेल्या आर३०० कुळातल्या आणि त्यानंतरच्या काही पिढ्यांच्या कार्डांचा बंद ड्रायव्हर २००९ मध्ये मागे पडला. त्यांचा उघडा ड्रायव्हर मेसामध्ये आजही आहे आणि हौशी विकसक अजून त्यात सुधारणा करत असतात. जी-४१ चिपसेटचे मदरबोर्ड भारतात एके काळी घरोघरी होते, आणि आमच्या शाळेत ते आजही आहेत. त्यांतल्या इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी २०२१ मध्ये क्रोकस नावाचा नवा ड्रायव्हर मेसामध्ये आला. तो लिहिणाऱ्या डेव्ह एअरलींना त्यातून व्यापारी लाभ होण्यासारखा नव्हता. २००६ पासूनच्या चिपांसाठी इतक्या वर्षांनी कोणी नव्याने ड्रायव्हर लिहितो, याचे मला पहिल्यांदा कळले तेव्हा नवल वाटले होते आणि आजही वाटते. एएमडीची २०१२ च्या आसपासची एचडी ७००० मालिका हे आणखी ताजे उदाहरण आहे. व्हॉल्व्हसाठी काम करणाऱ्या एका विकसकाने २०२५ च्या अखेरीस कर्नलमध्ये असे बदल आणले की त्या मालिकेतली जीसीएन नावाच्या रचनेची कार्डे जुना रेडिऑन ड्रायव्हर सोडून आपोआप एएमडीजीपीयूवर चालू लागावीत, आणि त्याबरोबर त्यांना राडव्हीमधून व्हल्कनही मिळावे. दुकानातून हद्दपार होऊन दशक उलटलेल्या कार्डाला नवी क्षमता मिळाली.

मुक्तस्रोतातही काही कायमचे नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०२१ च्या अखेरीस मेसाने आपले जुन्या धाटणीचे ड्रायव्हर मुख्य संहितेतून काढले, कारण ते सांभाळायला पुरेसे हात नव्हते आणि त्यांच्यामुळे बाकीची रचना अडत होती. फरक असा की ते काढताना अंबर नावाची वेगळी शाखा ठेवली गेली. ज्याला त्या कार्डांची गरज आहे त्याला ती शाखा घेता येते, बांधता येते, दुरुस्तही करता येते. बंद ड्रायव्हर संपतो तेव्हा असा मागचा दरवाजा कोणासाठीच नसतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ड्रायव्हरची संहिता उघडी असणे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. हार्डवेअरचे दस्तऐवज आणि फर्मवेअर हा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो अजून सुटलेला नाही. एएमडीच्या आणि इंटेलच्या अलीकडच्या कार्डांनाही बंद फर्मवेअर लागतेच. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ लिनक्स वितरणाने २०२२ मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर आपल्या इन्स्टॉलरमध्ये घालण्याचा निर्णय केला, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते त्यात येते. काहींना ही माघार वाटली. मला तो निर्णय पटला, कारण काळा पडदा पाहणाऱ्या विद्यार्थिनीला तत्त्व समजावून देता येत नाही. परंतु कंपनीने एखाद्या पिढीचा आधार थांबवताना निदान तिच्या फर्मवेअरवरची स्वाक्षरीची अट सैल करावी, किंवा गती वाढवणारा भाग वाटपासाठी द्यावा, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. विकून झालेल्या आणि आपण यापुढे सांभाळणार नसलेल्या वस्तूची किल्ली जवळ ठेवून कंपनीचे कोणते हित साधते, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

हा विषय पडद्यावरच्या चित्रापुरता राहिलेला नाही, याची जाणीव मला कातळशिल्पांमुळे झाली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली ही चित्रे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. आमच्या तालुक्यातली देवी हसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही स्थळे त्यांत आहेत, आणि कशेळीचा सुमारे १८ मीटर लांबीचा हत्तीही आहे. पाऊस आणि गुरांची ये-जा यांनी त्यांची झीज होत असते, म्हणून त्यांची त्रिमित नोंद करून ठेवावी अशी आम्हा काही शिक्षकांची इच्छा होती. त्यासाठी एकाच शिल्पाची निरनिराळ्या कोनांतून शेकडो छायाचित्रे घ्यायची आणि त्यांतल्या समान बिंदूंवरून संगणकाने पृष्ठभाग उभा करायचा. ही गणिते ग्राफिक्स कार्डावर फार लवकर होतात. पण मेशरूम आणि कोलमॅप ही या कामाची दोन्ही उत्तम मुक्तस्रोत साधने दाट पृष्ठभाग उभारण्याच्या टप्प्यावर सीयूडीए मागतात, आणि सीयूडीए ही एनव्हिडियाची २००७ पासूनची बंद प्रणाली फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालते. साधन खुले, छायाचित्रे आमची, दगड आमच्या गावचा, आणि मधला एक टप्पा दुसऱ्याच्या कुलपात. आम्ही ओपनड्रोनमॅप हे साधन मुख्य प्रोसेसरवर चालवतो. काम रात्रभर चालते आणि वीज गेली की पुन्हा सुरुवात करावी लागते. मेसामध्ये २०२२ पासून कार्डावर गणिते करण्याच्या ओपनसीएल या पद्धतीचा रस्टिकल नावाचा उघडा आधार आलेला आहे, त्याच कामाची एएमडीची आरओसीएम ही प्रणालीही बव्हंशी खुली आहे, पण साध्या घरगुती कार्डांपैकी थोड्यांनाच तिचा अधिकृत आधार मिळतो. चित्रे रेखाटण्याच्या बाबतीत उघडे ड्रायव्हर जिथे पोहोचले आहेत तिथे गणनेच्या बाबतीत ते अजून पोहोचलेले नाहीत, आणि येत्या काही वर्षांत मला सर्वाधिक उत्सुकता याच भागाची आहे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करायला हवे. शाळा, वाचनालये, ग्रामपंचायती जेव्हा नवे यंत्र घेतात तेव्हा दरपत्रकात प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि वॉरंटी लिहिलेली असते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलच्या आणि मेसाच्या मूळ संहितेत आहे का, ही ओळ कुठेच नसते. ती घालायला एक पैसा लागत नाही. आमच्या शाळेने ती घातली, आणि विक्रेत्याला सुरुवातीला त्या ओळीचा अर्थ विचारावा लागला तरी त्याने उत्तर शोधून आणले.

दुसरे काम तक्रारी लिहिण्याचे आहे. जुन्या कार्डांचे ड्रायव्हर बहुतेक वेळा चुकून बिघडतात: नव्या कार्डांसाठी केलेला एखादा बदल जुन्यांना बाधतो, आणि विकसकांजवळ ती जुनी कार्डे उरलेली नसल्यामुळे त्यांना ते कळत नाही. ती कार्डे आमच्याकडे आहेत. चांगल्या तक्रारीत कार्डाचा पीसीआय क्रमांक (त्याच्या मॉडेलची ओळख), कर्नलची आणि मेसाची आवृत्ती, डीमेसेगमधल्या, म्हणजे कर्नलने स्वतः लिहून ठेवलेल्या, नोंदी आणि बिघाड हमखास घडवून आणण्याची कृती एवढे असावे लागते; त्यापुढे जाऊन चालणारी आणि न चालणारी अशा दोन आवृत्त्यांच्या मधल्या आवृत्त्या अर्ध्या-अर्ध्याने तपासत नेमका दोषी बदल शोधून दिला, तर दुरुस्ती पुष्कळदा काही दिवसांत होते. हे काम चिकाटीचे आहे, पण त्याला फार मोठे ज्ञान लागत नाही, आणि आमच्या नववी-दहावीच्या मुलांना ते जमते असा माझा अनुभव आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडातल्या ज्या शाळांत जी-४१ चे मदरबोर्ड किंवा एचडी ७००० मालिकेची कार्डे अजून चालू आहेत, त्यांनी ती भंगारात देण्याआधी ताज्या कर्नलवर एकदा चालवून पाहावीत आणि काही बिघडलेले आढळले तर मेसाच्या किंवा कर्नलच्या तक्रारनोंदीत सविस्तर लिहावे. इंग्रजीतली तक्रार लिहायला मदत लागली तर ती करायला मी तयार आहे.